घाट, नदी आणि मोटारीचे इंजिन

पाली हे सुधागड तालुक्याचे ठाणे आज रायगड जिल्ह्यात मोडते; १९८१ पूर्वी या जिल्ह्यास कुलाबा म्हणत, आणि १९४८ साली संस्थाने विलीन होईपर्यंत सुधागडचा मुलूख भोरच्या पंतसचिवांच्या अंमलाखाली होता. सरसगडाच्या पायथ्याशी असलेले बल्लाळेश्वराचे देऊळ अष्टविनायकांपैकी एक असल्यामुळे पुण्या-मुंबईहून आणि घाटावरच्या दूरदूरच्या जिल्ह्यांतून येथे वर्षभर मोटारींची वर्दळ असते, आणि नवी गाडी घेतल्यावर पहिला नारळ याच देवासमोर वाढवणारी कुटुंबेही थोडी नाहीत. पुण्याकडून निघालेली गाडी बोरघाट उतरून खोपोलीस येते, तेथून सुमारे चाळीस किलोमीटर आंबा नदीच्या खोऱ्यातून पालीस पोहोचते, पुढे दहा-अकरा किलोमीटरांवर वाकण येथे मुंबई-गोवा महामार्गास मिळते, आणि मंडळींना सवड असेल तर अलिबाग-मुरूडच्या समुद्रापर्यंतही जाते. घाटाची उतरण, पावसाळ्यात फुगणारी नदी, किनाऱ्याची खारी हवा आणि परतताना पुन्हा घाटाची चढण, असे चार भिन्न प्रसंग ज्या प्रवासात एकामागून एक गाडीवर येतात, तो प्रवास मोटारीच्या इंजिनाची घडण समजून घेण्यास फार सोयीचा आहे. गाडीची निगा म्हणजे गॅरेजच्या मिस्त्रीचे काम आणि आपले काम केवळ बिल चुकते करण्याचे, ही समजूत आपल्याकडे दृढ आहे; परंतु इंजिन कोठे बसवले आहे, ते श्वास कोठून घेते आणि त्याची उष्णता कोठून बाहेर पडते, एवढे ज्या मालकास नेमके ठाऊक असते, त्याच्या गाडीवर येणारी निम्मी संकटे वाटेतच टळतात, असे मला वाटते.

प्रथम इंजिनाच्या जागेचा विचार करू, कारण पुढचे पुष्कळसे त्यावरच अवलंबून आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट आणि पुढे तिचेच ‘पद्मिनी’ हे रूप बाहेर पडले, आणि महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांनी मोटार म्हणून जी वस्तू ओळखली ती मुख्यतः हीच. तिचे १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन बॉनेटखाली उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसवलेले असे. त्याच्या पाठीशी क्लच आणि गिअरबॉक्स, तेथून गाडीच्या पोटाखालून मागे जाणारा लांब दांडा, आणि त्या दांड्याच्या टोकाशी मागची चाके फिरवणारा डिफरन्शियल, अशी सरळ रांग होती. इंजिनाच्या नाकासमोर रेडिएटर आणि त्या दोहोंमध्ये पंखा असे; हा पंखा, पाण्याचा पंप आणि वीज तयार करणारा डायनामो ही तिन्ही एकाच पट्ट्यावर फिरत, आणि म्हणून पट्टा तुटला की पाणी तापणे आणि बॅटरी न भरणे ही दोन्ही दुखणी एकाच क्षणी सुरू होत. पट्ट्याचा ताण अंगठ्याने दाबून पाहण्याची त्या काळच्या चालकांची सवय या रचनेतूनच आली होती.

१९५९ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस या अभियंत्याने ‘मिनी’ ही गाडी सिद्ध करताना इंजिन रुंदीच्या दिशेने आडवे बसवले आणि त्याची शक्ती पुढच्याच चाकांना दिली. मागे जाणारा दांडा त्यामुळे अनावश्यक ठरला आणि लहान गाडीतही माणसांना पाय पसरण्याइतकी जागा मिळाली. हीच योजना १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० च्या रूपाने आपल्या रस्त्यांवर आली, आणि आज पालीच्या वाहनतळात उभ्या असलेल्या बहुतेक लहान मोटारींचे इंजिन असेच आडवे आहे. आडव्या इंजिनाचा पट्टा गाडीच्या एका कुशीस येतो, समोरच्या रेडिएटरपर्यंत तो पोहोचू शकत नाही, आणि म्हणून पंखा विजेवर चालतो. येथे पट्ट्याऐवजी एखादा फ्यूज किंवा उष्णतेची खबर देणारा छोटासा स्विच बिघडला तरी पंखा मुका होतो. शिवाय ज्या चाकांना शक्ती मिळते तीच वळायचीही असल्यामुळे त्यांच्या सांध्यांवर ग्रीसने भरलेली रबरी आवरणे असतात, आणि ती फाटली तर धूळ-पाणी आत शिरून पूर्ण वळणावर चाकातून कटकट असा आवाज येऊ लागतो. १९८४ साली आलेल्या मारुती व्हॅनचे इंजिन पुढच्या आसनांखाली होते, आसन उचलल्याशिवाय ते दिसत नसे. टाटांच्या नॅनोचे दोन सिलिंडरांचे ६२४ घनसेंटिमीटरचे इंजिन थेट मागे गेले, आणि त्यास वारा मिळावा म्हणून मागच्या चाकांपुढे गाडीच्या दोन्ही कुशींना जाळ्या काढाव्या लागल्या. आपली गाडी यांपैकी कोणत्या घराण्यातील आहे हे मालकाने एका सकाळी बॉनेट उघडून, गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका हातात घेऊन, शांतपणे पाहून ठेवावे.

त्या धातूच्या ठोकळ्यात घडते ते मात्र सर्व रचनांत एकच. सिलिंडर म्हणजे पोकळ नळी, तीत खालीवर सरकणारा दट्ट्या, दट्ट्यास जोडलेला संयोगदांडा, आणि दट्ट्याच्या सरळ गतीचे चक्राकार गतीत रूपांतर करणारा भुजादंड, ज्यास गॅरेजात क्रँक म्हणतात. डोक्यावर हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा. दट्ट्या खाली जाताना हवा आणि इंधन आत ओढतो, वर येताना त्यांस दाबतो, ठिणगी पडताच पेटलेल्या वायूच्या धक्क्याने पुन्हा खाली जातो, आणि चौथ्या धावेत जळालेला वायू बाहेर लोटतो; १८७६ साली जर्मनीत निकोलाउस ऑटो याने चालवून दाखवलेला हा चार धावांचा क्रम आजच्या पेट्रोल गाडीतही अबाधित आहे. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. तेथे हवा इतकी दाबली जाते की तिच्याच उष्णतेने फवारलेले इंधन पेट घेते. गाडी मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वेगाने चालत असेल तर प्रत्येक सिलिंडरात सेकंदाला पंचवीस वेळा स्फोट होत असतो, त्या क्षणी आतील वायूचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि जळालेल्या इंधनाच्या शक्तीपैकी जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो. उरलेल्या उष्णतेपैकी ढोबळमानाने अर्धी धुरावाटे जाते आणि अर्धी इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यास वाहून न्यावी लागते. या जमाखर्चात कोठेही खंड पडला, तर इंजिन काही मिनिटांतच स्वतःस भाजून घेते.

आता खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरू लागावे. उतारावर इंजिनास काम नसते असे वाटते, परंतु जाणता चालक तेथेच त्यास कामास लावतो. घाट ज्या गिअरात चढावा लागेल त्याच गिअरात तो उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक शास्त्रशुद्ध आहे: अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर पेट्रोल इंजिनाची हवेची वाट जवळजवळ बंद होते, दट्ट्यांना त्या निर्वाताविरुद्ध ओढ घ्यावी लागते, आणि ती ओढ चाकांना रोखून धरते. याउलट इंधन वाचवण्याच्या कल्पनेने गाडी न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्यास आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात काहीच वाचत नाही, कारण गिअरात उतरताना यंत्रणा इंधनाचा फवारा आपण होऊन तोडते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवण्यापुरते इंधन खर्चावेच लागते, आणि सारा भार ब्रेकवर पडतो. ब्रेकच्या तेलाचा एक गुणधर्म कोकणात येणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावा असा आहे. हे तेल हवेतील बाष्प शोषून घेते. डॉट ४ या प्रतीचे कोरे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांच्या आसपास येऊ शकते. सतत दाबलेला ब्रेक लांब उतारावर याहून अधिक तापला तर तेलात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते पण तेलासारखा दाब पुढे पोहोचवीत नाही, आणि पायाखालचे पेडल पोकळ होऊन तळास टेकते. म्हणून दर दोन वर्षांनी हे तेल बदलून घ्यावे. टाकीतील पातळी उतरत असेल तर वरून तेल ओतून स्वस्थ बसू नये. एक तर ब्रेकचे पॅड झिजले आहेत, नाही तर कोठे तरी गळती आहे.

खोपोली मागे पडल्यावर जांभूळपाड्यावरून येणारी आंबा नदी सोबतीस येते. उन्हाळ्यात कृश दिसणाऱ्या या नदीने जुलै १९८९ मध्ये जांभूळपाडा आणि नागोठणे येथे केवढा अनर्थ घडवला हे या खोऱ्यातील वडीलधारी माणसे अजून विसरलेली नाहीत, आणि पालीचा जुना पूल मुसळधार पावसात पाण्याखाली जाऊन वाहतूक खोळंबणे हा तर वर्षानुवर्षांचा परिपाठ होता. रस्त्यावरून पाणी वाहत असताना गाडी त्यात घालावी की नाही, हा प्रश्न येथे धाडसाचा नसून इंजिनाच्या श्वसनाचा आहे, आणि त्यावर थोडे सविस्तर लिहिल्यावाचून मला पुढे जाववत नाही.

एक किलो पेट्रोल नीट जाळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलमागे इंजिन जवळजवळ नऊ हजार लिटर हवा ओढून घेते. ही हवा ज्या तोंडातून आत शिरते ते बहुतेक आडव्या इंजिनांच्या गाड्यांत पुढील दिव्याच्या मागे किंवा रेडिएटरच्या वरच्या कडेस असते, आणि पुढे लाट उसळवीत जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत ते साचलेल्या पाण्याच्या पातळीपेक्षा बरेच वर असूनही पाणी गिळू शकते. आता आठशे घनसेंटिमीटरच्या तीन सिलिंडरांच्या इंजिनाचा हिशेब मांडून पाहावा. प्रत्येक सिलिंडराच्या वाट्यास सुमारे २६५ घनसेंटिमीटर येतात. दाबाचे प्रमाण नवास एक धरले, तर दट्ट्या अगदी वर पोहोचल्यावर त्याच्या डोक्यावर केवळ तेहतीस घनसेंटिमीटर जागा उरते, म्हणजे स्वयंपाकघरातील दोन मोठे चमचे आणि वर थोडे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. एवढेसे पाणी सिलिंडरात शिरले की वर येणारा दट्ट्या भिंतीवर आदळावा तसा थांबतो, मागून भुजादंड त्यास रेटीतच असतो, आणि त्या दोहोंच्या मध्ये सापडलेला संयोगदांडा वाकतो. काही वेळा मोडून इंजिनाची कूसच फोडून बाहेर येतो. डिझेलच्या इंजिनात दाबाचे प्रमाण याच्या जवळजवळ दुप्पट असल्याने मोकळी जागा आणखी तोकडी असते.

यावरून निघणारी आज्ञा मालकाने घरातील प्रत्येक चालकास बजावून ठेवावी: पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करण्यासाठी किल्ली फिरवू नये. पाणी शिरून इंजिन नुसते थांबले असेल तर पुष्कळदा त्याची विशेष हानी झालेली नसते. हानी करते ती त्यानंतरची घाबऱ्या हाताने दिलेली कळ. गाडी ढकलून किंवा टोचन लावून कोरड्या जागी आणावी, बॅटरीची ऋण बाजूची तार सोडावी, आणि मिस्त्री येऊन प्लग काढून सिलिंडर मोकळे करीपर्यंत वाट पाहावी. तेलपट्टी काढून पाहिल्यावर तेल दुधाळ दिसले, तर ते बदलल्याशिवाय इंजिन क्षणभरही चालवू नये. आणि वाहते पाणी पुलावर फूटभर चढलेले असेल, तर गाडी कोणतीही असो, तीत बसून पलीकडे जाण्याचा विचारच करू नये. एवढा प्रवाह लहान मोटारीची चाके उचलून तिला कठड्यापलीकडे नेऊ शकतो, आणि बल्लाळेश्वराचे दर्शन चार तास उशिराने घेतल्यास काही बिघडत नाही.

पावसाळ्याचा दुसरा उपद्रव मूषकांचा. बाहेर चिखल-पाणी झाले की उंदीर उबदार बॉनेटखाली घर करतात आणि तारांची वेष्टणे कुरतडतात. गाडी आठ-आठ दिवस एका जागी उभी राहत असेल तर प्रत्येक वेळी सुरू करण्यापूर्वी बॉनेट उघडून पाहण्याचा परिपाठ ठेवावा, आणि तेवढ्याच वेळात एअर फिल्टरच्या डब्यात त्यांनी गवत-चिंध्या साठवल्या नाहीत ना हेही पाहावे. कोरड्या दिवसांत त्या डब्याकडे दुसऱ्या कारणाने लक्ष द्यावे लागते. रस्त्याची कामे चालू असली म्हणजे या भागात तांबूस धुळीचा थर पानापानांवर बसतो, आणि जे पानावर बसते ते फिल्टरमध्येही साचते. ठरलेल्या मुदतीची वाट न पाहता त्या वर्षी तो लवकर बदलावा.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर गाडी वाळूत नेऊन लाटांच्या कडेने फिरवण्याची हौस अलीकडे वाढली आहे. ही हौस मला मुळीच पसंत नाही. किनाऱ्यावरील जीवसृष्टीची हानी क्षणभर बाजूस ठेवली तरी, खारे पाणी पत्र्याच्या सांध्यांत, ब्रेकच्या नळ्यांवर आणि रेडिएटरच्या पातळ पात्यांत शिरून जो गंज सुरू करते, तो दिसू लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. समुद्राजवळ मुक्काम करून आल्यावर गाडीचे पोट गोड्या पाण्याने सावकाश धुऊन घ्यावे. बॅटरीच्या शिरांवर जमणारी पांढरी-हिरवी बुकटी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून धुवावी आणि वर व्हॅसलीनचा हात द्यावा. हे करण्यापूर्वी तारा सोडताना ऋण बाजूची तार आधी आणि जोडताना तीच शेवटी, हा क्रम पाळावा, कारण मोटारीचा सारा सांगाडा ऋण बाजूस जोडलेला असतो. धन बाजू सोडताना पाना चुकून पत्र्यास टेकला आणि ऋण तार जागेवर असली, तर पान्यातूनच प्रचंड प्रवाह वाहून तो लाल होतो. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत साडेबारा व्होल्टांहून किंचित अधिक दाखवते, इंजिन चालू असताना हा आकडा साधारण चौदाच्या आसपास यावा. शे-दोनशे रुपयांचे मीटर जवळ असले तर बॅटरी संपली की ती भरणारा आल्टरनेटर बिघडला, याचा निर्णय घरच्या घरी होतो.

परतीच्या वाटेवर खोपोली सोडून गाडी घाट चढू लागली की सर्व भार थंडाव्याच्या व्यवस्थेवर येतो. घाटातील शिंग्रोबाच्या देवळाच्या आसपास बॉनेट उघडून वाफ सोडीत उभ्या असलेल्या गाड्यांचे दृश्य पद्मिनीच्या काळात नित्याचे होते; आता ते विरळ झाले आहे, पण नाहीसे झालेले नाही. वेग कमी, भार पूर्ण, समोरून येणारा वारा मंद, अशा अवस्थेत रेडिएटरला केवळ पंख्याचाच आधार असतो. रेडिएटरचे झाकण नुसते झाकण नसून दाब धरणारी झडप आहे: ते आतील दाब वातावरणाच्या दाबाहून दर चौरस सेंटिमीटरला साधारण एका किलोने अधिक ठेवते, आणि त्यामुळे पाणी शंभर अंशांऐवजी एकशेवीसच्या घरात जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाच्या रबराला चीर पडली असेल, तर सर्व यंत्रणा धडधाकट असूनही गाडी घाटात उकळते. त्याच कारणाने तापलेल्या गाडीचे झाकण उघडणे अत्यंत घातक आहे. दाब सुटताच आतील अतितप्त पाण्याची एकदम वाफ होते आणि ती तोंडा-हातांवर येते. काटा चढू लागला तर एअर कंडिशनर बंद करावा, गाडीतील हीटर पूर्ण सुरू करावा, म्हणजे थोडी उष्णता त्या मार्गाने बाहेर पडते, आणि सुरक्षित जागा मिळताच थांबून इंजिन निवू द्यावे. रेडिएटरचा नळ हाताला सहज धरवेल इतका निवाल्यावरच टाकीत पातळी पाहावी. काही ठिकाणी तापण्यावर उपाय म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. तो मानू नये. ऐंशी-नव्वद अंशांच्या दरम्यान उघडणारी ही छोटी झडप इंजिनास लवकर कामाच्या तापमानावर आणते, आणि थंड इंजिन कामाच्या तापमानावरील इंजिनापेक्षा अधिक झिजते. कूलंट म्हणून मिळणारा रंगीत द्रव पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतो आणि आतील गंज रोखतो. विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यावर वर्षानुवर्षे गाडी चालवली तर रेडिएटरच्या नळ्यांत खपल्या धरतात.

वंगणतेलाविषयी मात्र घाट किंवा किनारा पाहण्याचे कारण नाही. ते नित्यकर्म आहे. भुजादंड आणि त्याची बेअरिंगे यांच्यामध्ये केसाहून पातळ असा तेलाचा थर असतो, आणि धातू धातूस शिवत नाही तो त्या थराच्या बळावर. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी तेलपट्टी काढावी, पुसावी, पुन्हा घालून काढावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असले पाहिजे. खालच्या खुणेखाली जाणे जितके वाईट तितकेच वरच्या खुणेच्या पुष्कळ वर जाणेही, कारण मग भुजादंड तेल घुसळून त्यात फेस करतो आणि फेस वंगण देत नाही. तेल काळे पडले म्हणून घाबरू नये, काजळी सामावून घेणे हे त्याचे कामच आहे; बदलण्याची मुदत पुस्तिकेत दिलेली असते, आणि किलोमीटर कमी झाले तरी वर्षातून एकदा ते बदलावेच. चालत्या गाडीत तेलाच्या डब्याचे लाल चिन्ह उजळले तर पुढचे गॅरेज गाठण्याचा मोह धरू नये. तेथेच थांबावे. तेलावाचून चाललेल्या दोन-तीन मिनिटांची किंमत नव्या इंजिनाइतकी होऊ शकते.

हत्यारांच्या बाबतीत आपल्याकडे खंडेनवमीस पूजा होते, पण पुष्कळ मोटारमालकांपाशी पूजेस मांडण्यासारखे एकही हत्यार नसते. १८८८ साली बर्टा बेंझ या स्त्रीने आपल्या पतीने बनवलेली मोटार, त्यास न कळवता, दोन मुलांसह मानहाइमहून फोर्ट्सहाइमपर्यंत नेली, तेव्हा इंधनाची तुंबलेली नळी तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली, झिजलेल्या ब्रेकांवर वाटेतील चांभाराकडून चामडे ठोकून घेतले आणि इंधन औषधाच्या दुकानातून विकत घेतले. मोटारीच्या पहिल्या दूरच्या प्रवासाची ही हकीकत मला नेहमीच पूज्य वाटते, कारण यंत्र कसे चालते हे त्या बाईस पक्के ठाऊक होते. आजच्या मालकास इतके करावे लागत नाही. जॅक, चाकाचा पाना, हवा भरलेली स्टेपनी, दहा, बारा, चौदा, सतरा आणि एकोणीस क्रमांकांचे पाने, एक पक्कड, चपट्या आणि चौफुलीच्या तोंडाचे स्क्रू ड्रायव्हर, प्लगचा पाना, थोडे फ्यूज, विजेरी, टायरच्या हवेचे मापक, जंपर केबल आणि टोचनाची दोरी, एवढ्यावर त्याचे भागते. जुन्या जीपला आणि अ‍ॅम्बॅसॅडरला इंची पाने लागतात. तेथे मिलिमीटरचा पाना ‘जवळपास बसतो’ म्हणून लावला की नटाचे कोन झिजून गोल होतात आणि मग छिन्नी-हातोडीशिवाय गत्यंतर राहत नाही. उघड्या तोंडाच्या पान्यापेक्षा रिंग पाना किंवा गोटी पाना वापरणे केव्हाही श्रेयस्कर, कारण तो नटास सर्व बाजूंनी धरतो. बोल्ट घालताना पहिले दोन-तीन आटे बोटांनीच फिरवावेत. बोटांनी न फिरणारा बोल्ट तिरका गेलेला असतो, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भागात पान्याच्या जोराने रेटलेला तिरका बोल्ट भोकातील आटे साफ उतरवून टाकतो. स्पार्क प्लगच्या बाबतीत ही चूक फार महागात पडते.

चाक बदलणे तर प्रत्येकाने घरच्या अंगणात एकदा करून पाहावेच, स्त्रियांनी आणि तरुण मुलांनीही. रात्री वाकण फाट्यावर पावसात ते प्रथमच करण्याची वेळ येऊ नये. हँडब्रेक ओढून, गाडी पहिल्या गिअरात ठेवून, बदलायच्या चाकाच्या तिरप्या समोरच्या चाकास दगड लावावा. नट सैल करावेत ते चाक जमिनीवर असतानाच. जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या खाचेखालीच लावावा आणि केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखाली अंग घालू नये. नवे चाक चढवल्यावर नट ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळीत जावे, म्हणजे चाक सरळ बसते, आणि पन्नास-साठ किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा पाना लावून पाहावे. टायरमधील हवेचा आकडा बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. तो थंड टायरसाठी आहे, घाट उतरून आलेल्या तप्त टायरची हवा त्या आकड्यापर्यंत आणण्यासाठी सोडू नये. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बाद समजावा; कोकणातल्या ओल्या रस्त्यांसाठी मी तर त्याच्या किती तरी आधीच तो बदलावा असे म्हणेन.

काही कामे घरी करू नयेत, आणि ती ओळखणे हाही निगेचाच भाग आहे. भुजादंड आणि झडपांची गती एकमेकींशी जुळवून ठेवणारा टायमिंगचा पट्टा काही इंजिनांत रबरी असतो, काहींत त्याऐवजी साखळी असते. पट्टा तुटला की अनेक इंजिनांत उघड्या राहिलेल्या झडपांवर दट्ट्ये आदळतात. आपल्या गाडीत काय आहे आणि पट्टा असल्यास तो किती किलोमीटरांवर बदलायचा, हे विचारून ठेवावे, आणि ते काम अनुभवी मिस्त्रीच्याच हातून करून घ्यावे. एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्यांस हात लावू नये. मिस्त्रीकडे गाडी नेताना ‘आवाज येतो’ एवढे सांगून भागत नाही. आवाज थंड इंजिनात येतो की तापल्यावर, वेगाबरोबर वाढतो की इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर, क्लच दाबला असता थांबतो का, वळताना एकाच बाजूस येतो का, इतके निरीक्षण मालकाने केले असेल तर निदान अर्ध्याहून अधिक झालेले असते, आणि न लागणारे सुटे भाग बदलले जाण्याचा संभवही कमी होतो.

या सर्वाची नोंद एका साध्या वहीत ठेवावी. तारीख, किलोमीटरचा आकडा, कोणते तेल आणि किती लिटर घातले, कूलंटची पातळी, बदललेला भाग, टायरची अदलाबदल, ब्रेकतेल बदलल्याचे वर्ष, असे रकाने आखून घेतले की तेल थोडे थोडे कमी होत आहे किंवा पूर्वी एका टाकीत होणारा पल्ला घटला आहे, हे महिन्या-दोन महिन्यांच्या नोंदी शेजारी ठेवताच दिसून येते. नुसत्या आठवणीच्या भरवशावर हा फरक सहसा लक्षात येत नाही. पावसाळ्यापूर्वी वायपरचे रबर, दिवे, बॅटरी, टायर आणि दाराखालील पाणी निचरण्याची भोके तपासल्याची नोंद त्यात स्वतंत्र पानावर करावी. वही गाडीच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांशेजारी ठेवावी, आणि पुढेमागे गाडी विकली तर किल्ल्यांबरोबर तीही नव्या मालकाच्या हाती द्यावी.